धोंडाच्या मांडवातली बोलपेटी

पार्शाच्या भाटकारांनी घरात बोलपेटी बसवून घेताना मला एकच प्रश्न विचारला होता. "मेस्ता, हें लायल्यार घरांतलो बोवाळ कमी जातलो मरे?"

घरातला आरडाओरडा नक्की कमी होईल, असं मी तत्परतेने म्हटलं. धंद्याच्या सुरुवातीलाच मारलेली ती एवढी मोठी थाप होती की पुढच्या सगळ्या थापा तिच्यापुढे लहान वाटत गेल्या.

भाटकार म्हणजे जमीनजुमल्याचा मालक आणि मेस्त म्हणजे आमच्याकडे कुठलाही कारागीर. सुतारही मेस्त, गवंडीही मेस्त, आणि डिचोलीच्या बाजारात पोदेराच्या दुकानाला लागून रेडिओची पोटं उघडून बसणारा मीही मेस्त. पोदेर पाव भाजायचा, मी बोटं भाजून घ्यायचो. गोवा मोकळा झाल्यावर घरोघरी ट्रान्झिस्टर आले, त्यामागून ते बिघडू लागले आणि माझी चूल पेटली. रेडिओ दुरुस्त करता करता कधी तरी एका मासिकातला नकाशा बघून मी पहिली बोलपेटी जोडली. घरातल्या घरात, या खोलीतून त्या खोलीत बोलायची पेटी. तेव्हा गावात टेलिफोन फार थोड्यांकडे असायचा आणि त्याच्यावर रुमाल टाकून ठेवलेला असायचा. माझ्या पेटीवर रुमाल टाकायची गरज नव्हती, त्यामुळे लोकांना ती जवळची वाटली.

भाटकारांचं घर लांबलचक. पुढच्या सालात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, ते वोल्तेरवर पाय लांब करून बसलेले असायचे. वोल्तेर ही आमच्याकडची लांब हातांची आरामखुर्ची. स्वयंपाकघर तिथून इतकं दूर की चहा पोचेपर्यंत कोमट व्हायचा. मी एक पेटी वोल्तेरच्या बाजूला, एक चुलीजवळ लावली आणि म्हटलं, "बोला." भाटकार असे बोलले की चुलीजवळची पेटी नसती तरी चाललं असतं. बाईसाहेबांनी ते नीट ऐकलं, पदर सावरला, सगळं घर चालत पुढे आल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहून विचारलं, "कितें म्हळ्ळें?"

त्यांना पेटीतच उत्तर द्यायला शिकवलं तर नवीच अडचण. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग पेटीत हाक कुणाला मारायची? समोर माणूस असता तर नुसतं खाकरून भागलं असतं. शेवटी त्यांनी पळी घेतली आणि पेटीवर दोनदा ठोकली. पुढे सालात ते दोन बार उडाल्यासारखं वाजलं आणि भाटकार वोल्तेरसकट मागे गेले. पण पद्धत तीच राहिली. पुढे कित्येक वर्षं त्या घरात जेवणाची वेळ बार उडवून कळवली जात होती.

आता ही पेटी चालते कशी ते सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावर आहे. स्पीकर म्हणजे एक कागदाचा भोंगा, त्याच्या बुडाशी तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक. वेटोळ्यात वीज आली की कागद थरथरतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. हे सगळ्यांना माहीत असतं. गंमत अशी की उलटंही होतं. त्याच कागदासमोर तुम्ही बोललात तर तो थरथरतो आणि वेटोळ्यात इवलीशी वीज उठते. म्हणजे एकच वस्तू तोंडही आणि कानही. ती इवलीशी वीज मोठी करायला मधे दोन-तीन ट्रान्झिस्टर आणि बॅटरीचे सेल. बस्स. हा मोठा करणारा भाग ज्या पेटीत असतो ती थोरली पेटी. दुसरी धाकटी, तिच्यात नुसता स्पीकर. दोन्हींच्या मधे जोडतार.

पण एक पेटी एका वेळी तोंड तरी होईल किंवा कान तरी. ते ठरवायला थोरल्या पेटीवर एक खिटी असते. खिटी दाबून धरली की थोरली बोलते आणि धाकटी ऐकते. सोडली की धाकटी बोलते आणि थोरली ऐकते. दाबून धरलेली असेपर्यंत थोरलीला पलीकडचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आणि सोडलेली असली की पलीकडचं सगळंच ऐकू येतं, मग ते तिला सांगितलेलं असो की नसो. म्हणून पेटी बसवायला गेलो की मी आधी विचारायचो, खिटी कुणाकडे? या प्रश्नावर घराघरांतून जे प्रकार घडले ते इथे छापता येण्यासारखे नाहीत. एवढंच सांगतो की साखळीकडच्या एका घरी सासूने खिटी स्वतःच्या उशीशी लावून घेतली आणि सुनेने दुसऱ्याच दिवशी धाकट्या पेटीपुढे रेडिओ मोठा करून ठेवला.

इब्रामपूरच्या एका शेतकऱ्याने तर गोठ्यात पेटी लावली. त्याची म्हैस एकट्या त्याच्याच आवाजाला पान्हा सोडायची, बायकोला लाथ दाखवायची. तो बिछान्यातूनच खिटी दाबून म्हणायचा, "उबी राव गे बाये, उबी राव," आणि म्हैस गोठ्यात डोळे मिटून उभी राहायची. त्याची बायको सांगायची की लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याशी कधी असं बोलला नाही. पुढे म्हशीने मायेने पेटी चाटून चाटून कागदाचा लगदा केला. माझ्या धंद्यातला हा एकमेव बिघाड की ज्याला मी प्रेम हे कारण लावलं.

हे असं हसतखेळत चाललं होतं. मग शिरगावचा विश्राम आला.

विश्राम खाणीवर टिपर चालवायचा. डोक्यापासून पायापर्यंत तांबडा. दुकानात आला की बाकावर बसायचा नाही, बाक रंगेल म्हणून उभा राहायचा. त्याला आणि शेवंतीला कितीतरी वर्षं मूल नव्हतं. मग त्याने देवीला नवस बोलला. मूल दे, पाच वर्षं धोंड होऊन तुझ्या होमखणातून चालेन. शिरगावच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणाऱ्या भक्ताला धोंड म्हणतात. जत्रेआधी काही दिवस धोंड घरापासून वेगळे राहतात. मांडवात निजतात, दिवसातून अनेकदा आंघोळ करतात, आपलं अन्न आपण शिजवतात, हातात बेत, म्हणजे लोकरीचे गोंडे लावलेली वेताची काठी, धरतात आणि कुणाला शिवून घेत नाहीत. विश्राम चार वर्षं चालला होता. पाचवं वर्ष आलं आणि त्याच वर्षी शेवंतीला दिवस राहिले.

"मेस्ता," तो म्हणाला, "ह्या वर्सा हांव मांडवांत आनी ती घरांत. म्हाका घरांत वचूंक मेळचें ना. पूण घर म्हजे कडेन येवंक जाय."

त्याला घरात जाता येणार नव्हतं, म्हणून घर त्याच्याकडे यायला हवं होतं. शेवंतीचं माहेर म्हणजे नुसता बाप, आई नव्हती. म्हणून बाळंतपण इथेच व्हायचं होतं. घरात विश्रामची द्वारकाआते, जिने अर्ध्या शिरगावाची बाळंतपणं केली होती. तिच्या हिशेबाने मूल जत्रा होऊन गेल्यावरच येणार होतं आणि द्वारकाआतेचा हिशेब आजवर चुकला नव्हता.

मी म्हटलं, थोरली पेटी घरात लावू, बायकांना काही लागलं तर त्या खिटी दाबून तुला बोलावतील. तो हट्टाला पेटला. "खिटी म्हजे कडेन जाय. म्हाका उलोवपाचें ना मेस्ता, म्हाका आयकुपाचें आसा." म्हणणं बरोबर होतं. ज्याला दिवसभर ऐकायचं आहे त्याच्याकडेच थोरली पेटी हवी. मी काजूच्या झाडांवरून तार ओढली, घरातून, काजूच्या बागेतून, शेताच्या बांधावरून थेट मांडवापर्यंत. वैशाखाचं ऊन, झाडावर पिकलेले काजू. मी तार कमी ओढली आणि बोंडू जास्त खाल्ले.

मांडवात पेटी नेली तर पांडू आजा आडवा आला. हा सगळ्या धोंडांत वडील. त्याने पेटीभोवती एक फेरी मारली.

"हातूंत चामडें आसा?"

"ना आजा. कागद आसा."

"आनी हें भायर?"

बाहेरून रेक्झीन होतं. आजाला रेक्झीनचा भरवसा वाटेना. मी पेटी परत नेली, फणसाच्या लाकडाचं नवं खोकं करून घेतलं आणि आतलं सगळं त्यात बसवलं. आता आजा खूश झाला आणि शुद्धीसाठी गोमूत्राचा तांब्या घेऊन आला. मी हात जोडले. आजा, काय शिंपडायचं ते बाहेरून शिंपड, आत गेलं तर ही पेटी इतकी शुद्ध होईल की कायमची मौनात जाईल. आजाने माझ्यावर उपकार म्हणून दर्भाच्या टोकाने चार थेंब टाकले.

मग गाऱ्हाणं. आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. आजा म्हणाला, पेटीत घालूया, घरच्यांनी तिकडून होय म्हणावं. त्याने खिटी धरली आणि सुरू झाला. हे देवी, हे तुझं लेकरू, हे यंत्र, हिची तार कुठे तुटू नये. थांबला. पेटी गप्प. आजाने पुन्हा म्हटलं. पेटी गप्प. आजाचा चेहरा उतरला. घरचे होय म्हणत नाहीत म्हणजे देवीच्याच मनात नाही.

"आजा, खिटी सोड! दाबून धरशील तर तुला ऐकू कसं येईल?"

आजाने दचकून खिटी सोडली आणि पेटीतून द्वारकाआतेचा थकलेला आवाज आला, "...होय म्हाराजा म्हणटां मरे केन्नासून, कितलीं फावटीं म्हणूं?"

त्या दिवसापासून मांडवात जे सुख नांदलं ते काय सांगू! विश्राम पेटीपुढे मांडी घालून बसायचा आणि घर ऐकायचा. रगड्याची घरघर, बाल्दी विहिरीत पडल्याचा आवाज, शेवंतीची जांभई. आतेला काही दिवस हे लक्षातच आलं नाही की ती जे बोलते ते सगळं तिकडे पोचतं. शेजारणीशी ती भाच्याच्या अकलेबद्दल बोलत होती तेव्हा भिंतीतून भाचा म्हणाला, "आते, हांवें आयकलें." आतेच्या हातातली लाकडी काथवट पडली. पण बाई हुशार. दुसऱ्या दिवसापासून ती मुद्दाम पेटीजवळ बसून गावच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायला लागली. दुपारी मांडवातले सगळे धोंड आंघोळ आटोपून पेटीभोवती जमायचे. जपमाळा हातात, कान आतेकडे.

जत्रा अगदी तोंडावर आली होती. मी दुकानात एका रेडिओचं पोट उघडून बसलो होतो. इतक्यात खाणीचा एक टिपर माझ्या दारात करकचून थांबला आणि ड्रायव्हर ओरडला, "मेस्ता, बस! आतेन आपयलां! पेटी!"

आतेने बोलावलंय म्हणजे पेटी जळली असं मला वाटलं. शिरगावात पोचलो तर आते मला अंगणाच्याही बाहेर, माडाखाली भेटली. माझा हात धरून कुजबुजली, "मेस्ता, तुजो तो कान कापून उडय!"

शेवंतीला कळा सुरू झाल्या होत्या. आतेचा हिशेब आयुष्यात पहिल्यांदा चुकला होता आणि नेमका आपल्याच घरात.

"मग बरंच की," मी म्हणालो.

"कितें बरें? सोयर लागतलें न्ही ताका!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात मूल जन्मलं की घरच्यांना सोयर लागतं, आणि सोयरातल्या माणसाला देवीपुढे जाता येत नाही. पण आमच्याकडे समज असा, की लांब असलेल्या माणसाला ते लागतं बातमी कानावर आल्यावर. कानावर आलीच नाही तर नाही. म्हणजे जत्रा होईपर्यंत विश्रामला कळता कामा नये. कळलं की बेत खाली, होमखण नाही, पाच वर्षांचा नवस शेवटच्या पायरीवर अडला. आधीच्या काळी हे सोपं होतं. घर इकडे, मांडव तिकडे, कुणी जाऊन सांगायचं नाही, संपलं. आता मधे मी होतो. मी त्याला घराच्या पोटात कान लावून दिला होता.

"तार कापू?"

"कापल्यार तो धांवत येतलो. आतां मेरेन आवाज येतालो, एकदम बंद कसो जालो म्हणून."

हेही खरं. मग आतेनेच हुकूम सोडला, घर घरासारखं वाजलं पाहिजे.

त्यानंतरची दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही. धाकटी पेटी मी अलगद भिंतीवरून काढली आणि तार पोचेल तितकी पुढे, सोप्यावर आणून ठेवली. शेवंती मागच्या खोलीत. शेजारच्या बायका गोळा झाल्या. एकीला रगड्यावर बसवलं. वाटायला काही नव्हतं, तिने नुसताच रगडा फिरवला. एक जण कोंबड्यांना शिव्या देऊ लागली, तिच्याकडे कोंबड्या नव्हत्या. आते मागे जाऊन शेवंतीला धीर द्यायची आणि पळत सोप्यावर येऊन पेटीपुढे निवांत स्वरात म्हणायची, "आज गरमी कितली गो!"

पेटी बोलली. "आते, शेवंत कितें करता?"

"न्हिदल्या."

"इतल्या वेळार? तिका उठय, दोन उतरां उलोवं दी."

सोप्यावर सगळ्यांचे चेहरे पांढरे. आते माझ्याकडे बघते. मी स्क्रू पिळायचा पेचकस काढला आणि तार जिथे पेटीला लावली होती तिथे खरवडायला सुरुवात केली. खर्र, खर्र, फट्. आयुष्यभर मी लोकांच्या घरचे असले आवाज घालवले, त्या दिवशी जीव ओतून एक तयार केला. इतका सुरेख बिघाड मी पुन्हा कधी ऐकला नाही.

"आते, तारेंत कितें तरी जालां. मेस्ताक आपय!"

"आपयला रे," आते म्हणाली. "येता तो." आणि मी तिच्यासमोर उकिडवा बसून खरवडत होतो.

पण नुसतं खरवडून मूल जन्माला येईपर्यंत निभणार नव्हतं. मागून शेवंतीचा आवाज वाढत चालला. मग कुणाला तरी भजनाची आठवण झाली. गावचे भजनीबुवा माडाखाली निजले होते, त्यांना उठवलं. टाळ आले, मृदंग आला, बुवांनी डोळे चोळत सूर धरला. भर दुपारी, रणरणत्या उन्हात भजन. विश्रामने विचारलंच की आज हे कशाला. आते म्हणाली, तुझ्या व्रताला यश यावं म्हणून.  

आणि मग मला सुचलं. खिटी! त्याने खिटी दाबून धरली की त्याला इकडचं ऐकू येणार नाही. मग त्यालाच बोलायला लावलं तर? मी बुवांच्या कानाशी लागलो. बुवांनी अभंग संपवला आणि पेटीत खणखणीत आवाज टाकला, "आतां धोंडांनी म्हणचें! आमी आयकतात!"

असा मान धोंडांना कुणी दिला नव्हता. विश्रामने खिटी दाबली आणि सगळा मांडव गाऊ लागला. कुणाचा सूर कुठे, ताल कुठे, पण आवाज असा की सोप्यावरची पेटी जागची हलायला लागली. आम्ही सगळे हसून लोळायच्या बेतात. रगड्यावरची बाई रगडा सोडून नाचायला लागली. कारण आता आम्ही काहीही केलं तरी तिकडे शून्य. गात राहा रे बाबांनो, म्हटलं, खिटी सोडू नका! एक संपतंय असं वाटलं की पेटीतून आजा दुसरं सुरू करायचा. म्हाताऱ्याला एवढी पाठ असतील असं वाटलं नव्हतं.

त्या गोंधळात मागच्या खोलीतून मूल रडल्याचा आवाज आला. आते दारात आली. हात ओले, डोळे ओले. तोंडाने काही नाही, हातानेच सांगितलं, झालं, सुखरूप. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. बुवांनी मला मारली, मी टिपरच्या ड्रायव्हरला, तो तांबडा आणि मीही तांबडा झालो. आणि मांडव गातच होता. जिंकलो होतो आम्ही.

मग पेटीत भजन संपलं. टक्. खिटी सुटली.

सगळ्यांनी एकदम तोंडावर हात ठेवले. टाळवाल्यांनी टाळ खाली ठेवले, कारण टाळ धरून तोंडावर हात ठेवता येत नाही. मृदंगवाला हात तोंडावर घेऊन बसला. रगड्यापाशी कुणी नाही. मी तर पेचकससुद्धा खिशात घातला होता. घर घरासारखं वाजवायला कुणीच उरलं नव्हतं. त्या नीरव सोप्यावर मागच्या खोलीतून बाळाने जी किंकाळी फोडली ती पेटीच काय, पेटीशिवायही मांडवात गेली असती.

आते पेटीवर झेपावली. "माजर रे! माजर!"

 मग पेटीतून श्वासाचा आवाज आला. तिकडे विश्रामने खिटी दाबली होती. त्याचा अंगठा खिटीवर तसाच राहून गेला असावा, म्हणून त्यानंतरचं मांडवातलं सगळं आम्हांला ऐकू आलं.

पांडू आजा म्हणाला, "विश्राम, हांव म्हातारो. म्हज्या कानांचो भरवंसो ना. हांगा कोणेंच कांय आयकूंक ना." बाकीच्या धोंडांनी घाईघाईने हुंकार भरले. "आते म्हणटा माजर, जाल्यार माजर. तूं सांग. तुवें कितें आयकलें?"

मला तो आजा त्या क्षणी इतका आवडला! सगळा मांडव त्या पोरासाठी बहिरा व्हायला तयार होता. एका शब्दाचं काम होतं. मांजर म्हण आणि चाल निखाऱ्यांवरून. सोप्यावर आम्हीही मनातल्या मनात तेच ओरडत होतो, म्हण रे, मांजर म्हण.

"भुरगें रडलें आजा," विश्राम म्हणाला. "म्हजें भुरगें. हांवें आयकलें."

"नवस उरतलो रे."

"देवीकडेन इतलीं वर्सां हेंच मागलां. तिणें दिलें, आनी हांव आयकूंक ना म्हणून तिच्याच मुखार उबो रावूं? ती हांसतली म्हाका."

 मग आजाचा आवाज आला, एकदम हलका. "बेत हांगा दवर. फुडल्या वर्सा घे. देवी खंय वचना." देवी कुठे गेली नाही, पुढल्या वर्षी त्याने ठेवलेला बेत पुन्हा घेतला आणि नवस फेडला, हे इथेच सांगून टाकतो.

विश्राम बांधावरून पळत आला. ओलं धोतर, गळ्यात मोगरीची माळ, अनवाणी. सोपा ओलांडून थेट मागे निघाला तर आते दारात दोन्ही हात पसरून उभी.

"थंयच राव! बाळंतिणीच्या कुडींत दादल्यांचें काम ना."

"आते, हांव नवस सोडून आयलां गो!"

"सोड जाय जाल्यार. भितर येवपाचें ना."

आमच्या लोकांचं हे असं. देवीच्या मांडवातून तो नियमाने बाहेर पडला होता आणि घराच्या खोलीबाहेर दुसऱ्या नियमाने उभा होता. "चलो काय चली?" त्याने विचारलं. "चली," आते म्हणाली. मुलगी झाली होती. तो जमिनीवर बसला आणि हसायला लागला, मग रडायला लागला, आणि आम्ही सगळे त्याच्याबरोबर दोन्ही करायला लागलो.

मी उठलो. मांडवात जाऊन आजाकडून थोरली पेटी मागून आणली. धाकटी आतेने आत नेऊन शेवंतीच्या खाटेजवळ ठेवली. थोरली मी त्या दाराबाहेरच विश्रामपुढे ठेवली आणि हातभर तारेने दोन्ही जोडल्या. एवढ्या कमी तारेची जोडणी मी त्याआधी कधी केली नव्हती आणि नंतरही केली नाही.

पेटीतून आधी शेवंतीचा दमलेला श्वास आला. मग बाळाचा आवाज. रडणं नव्हे, ते बारीक कुरकुरणं असतं ना, तसलं काही तरी. विश्रामने पेटी उचलून मांडीवर घेतली आणि कान लावला.

"उलय रे तिचेकडेन," आतून आते ओरडली. "बापायचो आवाज आयकूं दी तिका!"

विश्रामने खिटीवर अंगठा ठेवला. दाबला नाही. दाबला असता तर पलीकडचं बंद झालं असतं.

"मागीर, आते," तो म्हणाला. "आतां ती उलयता."